मोज्यातली चिठ्ठी

दहावीला आमच्या वर्गात कॉपी करणाऱ्यांचे दोन गट होते, कंपासवाले आणि मोजेवाले. कंपासवाले बिचारे पहिल्याच तासाला सापडायचे. मोजेवाले वरच्या दर्जाचे. इलास्टिकच्या आत, घोट्याला चिकटून बोटभर रुंदीची चिठ्ठी, मुंगीच्या अक्षरात लिहिलेली, आणि खाज सुटल्याचं नाटक करत ती बघायची. मी स्वतः कधी केली नाही, तत्त्वबित्त्व काही नाही, हिंमत नव्हती. पण माझ्या पुढच्या बाकावरचा एक जण या कलेत पारंगत होता आणि प्रत्येक पेपर सुटल्यावर बाहेर येऊन एकच वाक्य बोलायचा, "च्यायला, जे लिहून नेलं ते सोडून सगळं आलं."

हे वाक्य मला परत आठवलं त्याला कारण जर्मनीचा गोलकीपर येन्स लेहमन.

३० जून २००६, शुक्रवार. बर्लिनला वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. आपल्याकडे साडेआठला मॅच सुरू झाली. पुण्यात कर्वेनगरला आम्ही चौघं एका खोलीत राहायचो, चौदा इंची टीव्ही, बाहेर पाऊस, तिघं अर्जेंटिनावाले आणि मी एकटा जर्मनीवाला. जर्मनीवाला का, तर तिघांच्या विरोधात कुणीतरी पाहिजे म्हणून, दुसरं काही नाही. आयालाने हेडर मारून अर्जेंटिनाला पुढे नेलं, क्लोझेने ऐंशीव्या मिनिटाला बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममध्ये काही झालं नाही, आणि अकरा वाजून गेले तेव्हा पेनल्टी शूटआऊट. आणि मग तो सीन. अर्जेंटिनाचा खेळाडू मधून चालत येतोय आणि लेहमन खाली वाकतो, मोज्यातून एक कागद काढतो, शांतपणे वाचतो, परत मोज्यात घालतो. भर मैदानात, सगळं जग बघत असताना. आमच्यातला एक जण ओरडला, "अरे कॉपी करतोय हा!"

आयालाची पेनल्टी अडवली. शेवटची कांबियासोची अडवली. जर्मनी ४-२ ने जिंकली. खोलीतल्या तिघांनी माझ्याशी त्या रात्री बोलणं टाकलं.

ती चिठ्ठी लिहिणाऱ्या माणसावर मला आज लिहायचंय. त्याचं नाव आंद्रेआस कोपके. जर्मन उच्चार क्योपके असा काहीसा होतो, पण तोंड वेडंवाकडं करण्यापेक्षा आपण कोपकेच म्हणू. तेव्हा जर्मनीच्या टीमचा गोलकीपिंग कोच. आणि त्याआधी स्वतः गोलकीपर, साधासुधा नाही, १९९६ चा युरो कप जिंकणाऱ्या टीमचा एक नंबरचा गोलकीपर. पण आज कुणाला विचारलं तर त्याच्या नावाने आठवते ती ही चिठ्ठी, जी दुसऱ्याच्या मोज्यात होती.

आधी चिठ्ठीचंच संपवतो. बर्लिनमध्ये ग्रुनेवाल्डच्या ज्या हॉटेलात टीम उतरली होती, त्या हॉटेलच्या लेटरपॅडचा कागद. त्यावर पेन्सिलीने सात नावं. रिकेल्मे, क्रेस्पो, हाइन्झे, आयाला, मेस्सी, आयमार, रॉड्रिगेझ. प्रत्येकापुढे दोन-चार शब्द, कोण कुठल्या बाजूला मारतो, कोण थांबून मारतो, कुणाचा रनअप लांब. मागची सगळी माहिती उर्स सीगेनथालर नावाच्या स्विस स्काउटच्या अभ्यासातून आलेली, कोपकेने ती कागदाच्या एका कपट्यावर बसवली. आता गंमत बघा. रिकेल्मेला त्यांच्या कोचने बहात्तराव्या मिनिटाला बाहेर काढला आणि कांबियासोला आत घातलं. मग क्रेस्पोला काढून क्रूझला घातलं. मेस्सी बेंचवरच बसून राहिला. म्हणजे शूटआऊट सुरू झालं तेव्हा चिठ्ठीतली सगळ्यात वरची दोन नावं मैदानावर नव्हतीच. पेनल्टी मारायला आले क्रूझ, आयाला, रॉड्रिगेझ आणि कांबियासो. चारातले दोन चिठ्ठीत, दोन पोर्शनच्या बाहेरचे. जे लिहून नेलं ते अर्धं आलंच नाही!

आणि तरी शेवटची पेनल्टी मारायला कांबियासो आला तेव्हा लेहमन वाकला. कागद काढला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघितला. त्यावर कांबियासोचं नाव नव्हतं हे त्याला माहीत होतं, कांबियासोला माहीत नव्हतं. दहा-बारा पावलांवर उभ्या त्या माणसाच्या डोक्यात त्या चार-पाच सेकंदांत काय चाललं असेल? याला माझं काय माहितीय? मी मागच्या वेळी कुठे मारली होती? आता तिथेच मारू का बदलू? माझ्या पुढच्या बाकावरच्या पोराने ही आयडिया कधी वापरली नाही, कोरी चिठ्ठी बघून पर्यवेक्षकांना घाबरवायची. वापरायला हवी होती.

तो कागद पुढे एका चॅरिटीसाठी लिलावात गेला, दहा लाख युरोला, आणि मग बॉनच्या इतिहासाच्या म्युझियममध्ये जाऊन बसला. दहा लाख युरो, पेन्सिलीच्या सात ओळींना. लेहमनचं नाव झालं ते रास्तच आहे, उडी त्याने मारली. पण मी तेव्हापासून त्या लिहिणाऱ्याच्या मागे लागलो. म्हणजे तो माणूस काय असेल, जो शूटआऊटच्या गोंधळात आपल्या गोलीला जवळ घेऊन भाषण देत नाही, खांदे हलवत नाही, फक्त कागदाची घडी हातात देतो.

यात माझा थोडा स्वार्थ पण आहे. मी लहानपणी गोली होतो. कोल्हापूरसारखं तालमीतालमींचं फुटबॉलवेड आमच्या गावात नव्हतं, पण पावसाळ्यात चिखलात क्रिकेट जमायचं नाही म्हणून फुटबॉल, आणि फुटबॉल म्हटलं की "हा जाडा आहे, याला गोलीत उभा करा". अशी माझी निवड. दोन बाजूला दोन चपला हे पोस्ट, क्रॉसबार हवेत, ज्याच्या त्याच्या कल्पनेत. बॉल चपलेवरून गेला की निम्मे ओरडणार गोल, निम्मे ओरडणार बाहेर, आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघणार, कारण सगळ्यात जवळ मीच. खरं बोललो तर आपले शिव्या देणार, खोटं बोललो तर समोरचे. फॉरवर्डने पाच चान्स घालवले तरी संध्याकाळी कट्ट्यावर त्याचा एक गोल आठवणार, आणि गोलीने दहा अडवले तरी एक सुटलेला. हे ज्याने भोगलंय त्यालाच कोपकेच्या करिअरकडे बघून हसावं का रडावं कळणार नाही.

कारण हा माणूस वर्ल्ड कप विजेता आहे, युरो कप विजेता आहे, आणि क्लबांकडून खेळताना निदान पाच वेळा टीमबरोबर खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलाय. पाच वेळा! कीलचा पोरगा, उत्तरेकडे समुद्राकाठी १९६२ चा जन्म, होल्स्टाइन कीलकडून सुरुवात. तिथून बर्लिनला शार्लोटेनबर्गकडे गेला, ती टीम १९८४ ला दुसऱ्या डिव्हिजनमधून खाली गेली. मग हेर्था बर्लिन, ती १९८६ ला खाली. मग मात्र न्यूर्नबर्ग, तिथे आठ वर्षं टिकला, पहिल्या डिव्हिजनचा नावाजलेला कीपर झाला, १९९३ ला जर्मनीतला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून पत्रकारांनी निवडला. आणि पुढच्याच वर्षी न्यूर्नबर्ग खाली. मग आइनट्राख्त फ्रँकफुर्ट, जी टीम बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची पहिली डिव्हिजन, सुरू झाल्यापासून कधीच खाली गेली नव्हती. १९९६ ला गेली. आपल्याकडे असा माणूस असता तर गावाने पायगुण काढला असता, लिंबू-मिरची बांधली असती त्याच्या पोस्टला.

१९९४ ची गोष्ट तर आमच्या चपलेच्या पोस्टसारखीच. २३ एप्रिल, म्युनिकला बायर्नविरुद्ध न्यूर्नबर्ग, न्यूर्नबर्गला एकेक पॉइंट जिवाचा. कॉर्नर आला, बॉल गोललाइनच्या जवळ बायर्नच्या थॉमस हेल्मरच्या पायापाशी पडला, एक मीटरसुद्धा अंतर नसेल, आणि हेल्मरने टाचेबिचेने कसाबसा ढकलला तो पोस्टच्या बाहेरून गेला. स्वच्छ बाहेर. कोपके तिथेच. हेल्मर स्वतः कपाळाला हात लावायच्या बेतात. आणि लाइन्समनने झेंड्याने दाखवलं, गोल. रेफरी ओस्मर्सने दिला. मॅच २-१ ने गेली, शेवटी न्यूर्नबर्गला पेनल्टी मिळाली होती तीही वाया गेली. टीव्हीवर अख्ख्या देशाने बघितलं की बॉल बाहेर होता, न्यूर्नबर्गने तक्रार केली, जर्मन फुटबॉल असोसिएशनने चक्क मॅच रद्द करून परत खेळायला लावली. न्याय झाला की नाही? परत खेळले आणि बायर्नने ५-० ने मारलं. सीझन संपला तेव्हा न्यूर्नबर्ग आणि फ्रायबर्ग दोघांचे पॉइंट सारखे, गोलफरकावर न्यूर्नबर्ग खाली. जर्मनीत त्या गोलला 'भूतगोल' अशा अर्थाचं नाव पडलंय आणि अजून सगळे हेल्मरचं नाव घेतात. त्या भुताच्या सगळ्यात जवळ उभा असलेला माणूस कोण होता ते कुणी विचारत नाही. मला ते दृश्य बघताना दरवेळी वाटतं की यानेही आता सगळ्यांच्या तोंडाकडे बघावं आणि म्हणावं, आईशप्पथ बाहेर होता रे.

नॅशनल टीममधली गोष्ट वेगळीच, तिथे घसरण नाही, तिथे रांग. १९९० ला इटलीत जर्मनीने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोपके टीममध्ये होता, तिसरा गोलकीपर. पुढे इल्गनर, त्याच्यामागे आउमान, आणि मग हा. तिसरा गोलकीपर म्हणजे काय हे समजून घ्या. बाकी रिझर्व्ह खेळाडूला कधी ना कधी आत जायची आशा असते, कुणी दमतो, कुणाला क्रॅम्प येतो. तिसऱ्या गोलीला आत जायचं तर दोन अपघात पाहिजेत. तो रोज प्रॅक्टिसला जातो, दोघांइतकाच घाम गाळतो, फॉरवर्डना शूटिंगची सवय व्हावी म्हणून पोस्टमध्ये उभा राहून शंभर बॉल खातो, आणि मॅचच्या दिवशी ट्रॅकसूट घालून बसतो. लग्नात वाढपी असतो तसा, धावपळ सगळी, पंगतीत पान नाही. १९९४ च्या अमेरिकेतल्या वर्ल्ड कपलाही इल्गनरच खेळला. त्यानंतर इल्गनरने नॅशनल टीम सोडली आणि बत्तिसाव्या वर्षी कोपकेचा नंबर लागला. आणि त्याच्या मागे बेंचवर कोण येऊन बसलं, तर ऑलिव्हर कान. हे नाव लक्षात ठेवा, याचं काम पुढे आहे.

१९९६ ची इंग्लंडमधली युरो. महिन्याभरापूर्वी ज्याचा क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला तो माणूस देशाच्या पोस्टमध्ये उभा. इटलीविरुद्ध सुरुवातीलाच पेनल्टी, मारायला झोला, कोपकेने अडवली, मॅच ०-० आणि इटली घरी. सेमीफायनल वेम्बलीवर, इंग्लंडविरुद्ध. तिसऱ्याच मिनिटाला शिअररचा गोल, मग कुंट्झची बरोबरी, गोल्डन गोलच्या टायमात, म्हणजे जो आधी गोल घालेल तो तिथेच जिंकला, अँडरटनचा बॉल पोस्टला लागला आणि गॅसकॉइनचा पाय बॉलपासून इंचभर राहिला. शूटआऊट. पहिल्या पाच पेनल्ट्या इंग्लंडने सगळ्या घातल्या आणि कोपकेला एकही लागली नाही. मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं, की पाच वेळा उडी मारून पाच वेळा जाळ्यातून बॉल काढून द्यायचा आणि सहाव्या वेळी परत तेवढ्याच मनाने लाइनवर उभं राहायचं. सहावा आला साउथगेट. जमिनीलगत, फार जोरात नाही. अडवली. मग मोलरने घातली आणि जर्मनी फायनलला. साउथगेट त्या एका पेनल्टीचं ओझं पुढे कित्येक वर्षं वाहत राहिला, इंग्लंडचा कोच झाला तरी लोक तेच विचारायचे. अडवणाऱ्याला मात्र कुणी फार विचारलं नाही, अडवणं त्याचं कामच होतं ना.

त्या फायनलची एक गंमत. जर्मनीचे इतके खेळाडू जखमी आणि सस्पेंड झाले होते की राखीव गोलकीपर कान आणि रेक यांच्यासाठी साध्या खेळाडूंच्या जर्सी छापून ठेवल्या होत्या, वेळ पडली तर फॉरवर्ड म्हणून उतरवायला. वेळ पडली नाही. बीअरहोफच्या गोल्डन गोलने चेकविरुद्ध २-१, कप कॅप्टन क्लिन्समनने उचलला. कोपकेने अख्ख्या स्पर्धेत तीन गोल खाल्ले. चौतिसाव्या वर्षी त्याच्या हातात काहीतरी चकचकीत आलं, जे त्याने स्वतः खेळून मिळवलं होतं.

मग फ्रान्समधल्या मार्सेलला दोन-अडीच वर्षं, १९९८ च्या वर्ल्ड कपला क्रोएशियाकडून ०-३, आणि नॅशनल टीमला रामराम, ५९ मॅचनंतर. आणि मग परत न्यूर्नबर्ग, कारण काही माणसांना जुनं घर सुटत नाही. परत आल्या आल्या काय झालं असेल? १९९९ च्या शेवटच्या दिवशी न्यूर्नबर्ग बारावी होती, वाचलोच आपण असं सगळे धरून चालले होते, आणि संध्याकाळपर्यंत खाली. बरं वाचलं कोण, तर फ्रँकफुर्ट, यानेच सोडलेली टीम! दोघांचे पॉइंट सारखे, गोलफरकसुद्धा सारखा, फक्त फ्रँकफुर्टने गोल केले होते ४४ आणि न्यूर्नबर्गने ४०. कितीही अडवा, याला गोलकीपर काय करणार? २००१ ला न्यूर्नबर्ग परत वर आली आणि मग याने ग्लोव्ह्ज उतरवले. बुंडेसलिगा कधीच जिंकला नाही.

आता कानचं काम. २००४ ला क्लिन्समन जर्मनीचा कोच झाला. तेव्हा गोलकीपिंग कोच होता सेप मायर, १९७४ चा वर्ल्ड कप जिंकलेला, जर्मनीतलं लाडकं नाव, आणि बायर्नमध्ये कानला घडवणारा माणूस. क्लिन्समनने सांगितलं, एक नंबर कोण ते ठरलेलं नाही, कान आणि लेहमन दोघंही स्पर्धेत. मायर जाहीरपणे कानच्या बाजूने बोलत राहिला. ऑक्टोबरमध्ये क्लिन्समनने त्याला काढलं आणि फोन केला आपल्या १९९६ च्या साथीदाराला. म्हणजे कोपकेला जागा मिळाली ती कानच्या गुरूची, आणि काम काय, तर कान आणि लेहमन यांच्यातून एक निवडायला मदत करायची. दोघंही एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. अर्धा देश कानवाला. जॉइंट फॅमिलीत नवी सून आली आणि पहिल्याच दिवशी तिला वाटणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला लावली, असा प्रकार.

गोलकीपिंग कोच नक्की करतो काय हे बघायचं असेल तर कधीतरी मॅचच्या पाऊण तास आधी मैदान बघा. एका कोपऱ्यात दोन-तीन गोलकीपर आणि समोर एक पोट सुटलेला किंवा केस पिकलेला माणूस, त्याच्या पायाशी बॉलची रास. तो मारत राहतो. आधी हातात, अलगद, मग छातीवर, मग बाजूला, मग गुडघ्यावर बसवून डावी-उजवी, मग उठ, मग टप्पा पडून येणारा घाणेरडा बॉल, मग बाजूने उंच क्रॉस. बोलणं जवळजवळ नाहीच. चांगला अडवला की मान हलवायची. मैदानावर हा एकच कोच असा, जो आपल्याच माणसावर गोल मारत बसतो, आणि शेवटचे दोन-तीन बॉल मुद्दाम असे मारतो की कीपरला ते छान पकडता यावेत आणि हाताला बरं वाटून तो आत जावा. हे मला एका लोकल क्लबच्या कोचने सांगितलं होतं, "शेवटचा बॉल नेहमी सोपा द्यायचा." तेव्हापासून मी टीव्हीवर शेवटचा बॉल बघतो. खरंच सोपा असतो.

७ एप्रिल २००६ ला निर्णय जाहीर झाला, लेहमन. कारण साधं होतं, लेहमन पुढे येऊन खेळायचा, डिफेन्सच्या मागची मोकळी जागा राखायचा, आणि क्लिन्समनची टीम तशीच खेळणार होती. कोपके स्वतः लाइनवरचा कीपर, त्याच्या काळात कीपरला बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल, हातात घेता यायचा, १९९२ ला नियम बदलला तेव्हा तिशीत पाय शिकावे लागले. तरी त्याने आपल्यासारखा कीपर निवडायचा हट्ट धरला नाही. कान चिडला, पण गेला नाही, दोन नंबर म्हणून थांबला. आणि अर्जेंटिनाच्या त्या शूटआऊटआधी कान चालत लेहमनकडे गेला आणि हात मिळवला. चिठ्ठीइतकंच ते दृश्य गाजलं. मला वाटतं त्या सगळ्या गर्दीत कानची अवस्था आतून कळणारा एकच माणूस होता, ज्याने दोन अख्खे वर्ल्ड कप ट्रॅकसूटमध्ये काढले होते आणि ज्याच्या मागे स्वतः कानने दोन स्पर्धा बेंचवर काढल्या होत्या. तो तेव्हा बाजूला कुठेतरी पेन्सिल खिशात घालत असणार. (पेन्सिलीचं हे माझं आपलं, असणारच म्हणून.)

मग कोपके तिथेच राहिला, सतरा वर्षं. क्लिन्समन गेला, ल्योव आला, हा राहिला. त्या सतरा वर्षांत सगळंच चांगलं झालं असं नाही. नोव्हेंबर २००९ ला रॉबर्ट एन्के गेला. हानोव्हरचा कीपर, नॅशनल टीमचा, पुढच्या वर्ल्ड कपला तोच खेळेल असं बोललं जात होतं. त्याने आपलं आयुष्य संपवलं, आणि मग देशाला कळलं की तो वर्षानुवर्षं डिप्रेशनशी झगडत होता. चिलीविरुद्धची मॅच रद्द केली, हानोव्हरच्या स्टेडियममध्ये हजारो लोक निरोपाला आले. रोज ज्या माणसाच्या हातात तुम्ही बॉल मारता, त्याचे हात, पाय, डोळे, सगळं तुम्हाला पाठ असतं. यावर मला जास्त काही लिहिता येत नाही.

एन्केनंतर रेने आडलर ठरला, त्याची बरगडी दुखावली, आणि वर्ल्ड कपच्या तोंडावर चोवीस वर्षांचा मॅन्युएल नॉयर आत आला. पुढचं सगळ्यांना माहितीय. २०१४ ला अल्जीरियाविरुद्ध तो पेनल्टी बॉक्सच्या इतका बाहेर येऊन खेळत होता की माझ्या वडिलांनी, ज्यांना फुटबॉलमधलं शष्प कळत नाही, विचारलं, "हा गोलीच आहे ना?" मग ब्राझीलला ७-१, फायनलला गोट्झेचा गोल, नॉयरला बेस्ट गोलकीपरचं बक्षीस. लाइनवरच्या कीपरने जगातला सगळ्यात भटका कीपर सांभाळला. बापाने ज्या गल्लीच्या टोकापुढे कधी पाऊल टाकलं नाही, तिथून पोराला मुंबईला पाठवावं तसं. आणि कोपकेचा स्वतःचा मुलगा, पास्काल, तोही फुटबॉलर झाला. फॉरवर्ड! आयुष्यभर बापाच्या पोस्टमध्ये बॉल जाताना बघून त्याने ठरवलं असेल, आपण मारणाऱ्यांत जायचं.

आता शेवटची गोष्ट, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

२७ जून २०१८, कझान. वर्ल्ड चॅम्पियन जर्मनी आणि समोर दक्षिण कोरिया, जर्मनीला गोल पाहिजेच आणि होत नाही. कोरियाचा कीपर जो ह्यॉन-वू, तोपर्यंत आपण कुणी नाव ऐकलं नव्हतं, काहीही अडवत होता. जादा वेळेत कोरियाने एक घातला. मग नॉयर पोस्ट सोडून पुढे, पार समोरच्यांच्या अर्ध्यात फॉरवर्डसारखा खेळायला गेला, बॉल गमावला, त्यांनी लांब मारला आणि सोन ह्युंग-मिनने मोकळ्या पोस्टमध्ये पळत जाऊन घातला. ०-२. मोकळी पोस्ट, आत कुणी नाही, आणि टचलाइनवर त्या पोस्टचा कोच. १९९८ नंतर कोपकेने यापेक्षा वाईट संध्याकाळ बघितली असेल असं वाटत नाही.

२०२१ ला ल्योव गेला आणि कोपकेलाही निरोप मिळाला. आणि २०२३ ला क्लिन्समनला दक्षिण कोरियाने कोच म्हणून बोलावलं, त्याने परत एकदा त्याच मित्राला सोबत घेतलं. म्हणजे तेव्हा कोपके कुणाला बॉल मारत होता? जो ह्यॉन-वूला. ज्याने कझानला याचं वाटोळं केलं त्याला. तोही दोन नंबरचा, हं, एक नंबर किम सुंग-ग्यू होता.

जानेवारी २०२४, कतारला आशियाई कप. पहिल्या मॅचनंतर प्रॅक्टिसमध्ये किमचा गुडघा गेला आणि जो आत आला. बाद फेरीत सौदी अरेबिया, कोरियाने अगदी शेवटी बरोबरी केली, १-१, शूटआऊट. आपल्याकडे मध्यरात्र झालेली, घरातले सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून सोफ्यावर. पहिल्या दोन गेल्या. तिसरी, जो उजवी-डावी काहीतरी करून उडाला, अडवली. चौथी, परत अडवली. सौदीचा कोच मांचिनी शेवटची पेनल्टी मारायच्या आधीच उठून आत चालायला लागला. कॅमेरा क्लिन्समनवर, तो हसतोय, मग खेळाडूंवर, मग परत मांचिनीवर. बेंचवरच्या त्या साठीतल्या माणसावर काही जाईना.

मी उठून पार टीव्हीच्या काचेला नाक लावलं. बायको पाणी प्यायला उठली होती, दारात थांबून म्हणाली, "काय शोधतोयस एवढं?"

म्हटलं, "मोजे बघतोय त्याचे."

"मोजे?"

"हल्ली मोज्यात नसते," मी म्हटलं, "हल्ली पाण्याच्या बाटलीवर चिकटवतात." आणि बाटली दिसतेय का बघायला परत वाकलो. ती लाइट बंद करून गेली.